पोल्ट्रीतल्या किड्यांवर बुरशीचा उपाय

संपादक महोदय,
नागपूरच्या आसपास, कळमेश्वर-उमरेडकडं पोल्ट्री शेड बरेच आहेत अन् माशांचा त्रास शेडवाल्याला तर होतोच पण आजूबाजूच्या वस्तीलाही होतो, त्यावरून भांडणंपण होतात. माझाही छोटा शेड आहे. माशांपेक्षा मला जास्त काळजी लिटरमधल्या, म्हणजे शेडमध्ये अंथरलेल्या तुसाच्या थरातल्या, काळ्या भुंगेऱ्यांची वाटते, कारण ते तुसात लपून राहतात, साल्मोनेलासारखे जंतू एका बॅचमधून दुसऱ्या बॅचमध्ये नेतात, अन् कोंबड्या त्यांच्या अळ्या खातात. दरवेळी तेच ते कीटकनाशक मारलं की किड्यांना सवय होते, मग डोस वाढवत बसा.

यावर बिव्हेरिया बॅसियाना ही बुरशी वापरता येते. कपाशीवाल्यांना ती माहीतच आहे. तिचे बीजाणू किड्याच्या अंगाला चिकटतात, कवच भेदून आत शिरतात आणि काही दिवसांत किडा मरतो. १८३५ मध्ये इटलीच्या अगोस्तिनो बस्सी यांनी रेशीमकिड्यांचा रोग बुरशीमुळे होतो हे दाखवलं, ती हीच बुरशी, म्हणून रेशीमवाल्यांनी मात्र जपावं! आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन तिला सोसत नाही, पावसाळा-हिवाळा बरा, अन् बुरशीनाशकासोबत ती अजिबात मिसळू नये.

पशुविज्ञान विद्यापीठ आपल्या नागपुरातच आहे, कापूस संशोधन संस्थाही इथंच. दोघांनी मिळून आमच्यासारख्यांच्या शेडमध्ये प्रात्यक्षिकं घ्यावीत, लिटरवर किती मारायचं, कधी मारायचं ते मराठीत सांगावं, एवढीच कळकळीची विनंती.

एक कुक्कुटपालक, नागपूर