रविवारची बैठक : प्रा. सत्येंद्रनाथ बोस

सभासद मित्रहो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता वाचनालयाच्या वरच्या सभागृहात अभ्यासगटाची बैठक आहे. विषय : भौतिकशास्त्राचे प्राध्यापक सत्येंद्रनाथ बोस यांची अध्यापकीय कारकीर्द.

बोस १९२१ मध्ये ढाका विद्यापीठात रीडर (प्राध्यापकाच्या खालचे पद) म्हणून रुजू झाले. तापलेली वस्तू कोणत्या रंगाचा प्रकाश किती देते हे सांगणाऱ्या प्लांकच्या नियमाची तेव्हाची सिद्धता त्यांना समाधानकारक वाटत नव्हती. प्रकाशकण एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत, असे धरून ते किती प्रकारे मांडले जाऊ शकतात याची त्यांनी नवी मोजणी केली आणि जून १९२४ मध्ये लेख थेट आइन्स्टाइनना पाठवला. आइन्स्टाइननी स्वतः त्याचे जर्मन भाषांतर करून तो छापवला आणि हीच मोजणी पुढे अणूंच्या वायूला लावली. प्रकाशासाठी केलेला हिशेब द्रव्यालाही लागू पडला! अतिशय थंड केल्यावर असे अणू एकाच अवस्थेत गोळा होतात, असे त्यातून निघाले; तसे द्रव्य अणूंच्या वायूत प्रयोगशाळेत दिसायला मात्र १९९५ उजाडले. बोसांकडे डॉक्टरेट नव्हती, तरी ते ढाक्यात प्राध्यापक व विभागप्रमुख झाले. १९४५ मध्ये ते कोलकात्याला परतले. विज्ञान बंगालीतून शिकवावे, हा त्यांचा आग्रह. मला तो फार मोलाचा वाटतो, म्हणून शेवटचा अर्धा तास त्यावरच बोलू.

कृपया लक्षात घ्या :
• येणार असल्यास शुक्रवारपर्यंत गटावर कळवा, खुर्च्या मोजक्या आहेत.
• प्रत्येकाने किमान एक प्रश्न लिहून आणावा.
• बारावीच्या मुलांना अवश्य आणा; गणित फळ्यावर पायरीपायरीने सोडवू.
• दार १० वाजता बंद होईल. वाचनालयाचा तसा नियम आहे.