आईवडील म्हणजे 'भेटायला आलेले' नव्हेत

मा. संपादक,

माझा अडीच वर्षांचा मुलगा न्यूमोनियामुळे नऊ दिवस रुग्णालयात होता. आता तो ठणठणीत आहे. डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे उपकार मानावेत तेवढे थोडेच. तरी त्या नऊ दिवसांतली एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

लहान मुलासोबत राहणाऱ्या आईने किंवा बापाने झोपायचं कुठे, जेवायचं कधी, याचा विचारच कोणी केलेला नसतो. मला एक लोखंडी स्टूल मिळालं होतं. मुलाच्या एका हाताला सलाईनची सुई, ती हलू नये म्हणून खाली फळी बांधलेली. दुसऱ्या हाताने त्याने माझा अंगठा घट्ट धरलेला. सोडवायला गेलं की जागा व्हायचा, रडायचा, आणि रडला की खोकल्याची ढास लागून धाप लागायची. तासन् तास मी लघवीलाही उठले नाही. चौथ्या रात्री सिस्टर वाफ द्यायला आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, अर्धा तास आडव्या व्हा, तोवर मी बसते." शेजारचा बेड रिकामा होता. त्या अर्ध्या तासाच्या झोपेवर मी पुढचे दिवस काढले. पण ती त्यांची माणुसकी होती, रुग्णालयाची सोय नव्हे.

मुलासोबत राहणं हा लाड नाही. मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन यांनी १९५० च्या आसपास ब्रिटनमधल्या रुग्णालयांत आईपासून तुटलेली मुलं जवळून पाहिली. आधी आकांत, मग खिन्नपणा, मग आई आली तरी तिच्याकडे पाठ फिरवणं. 'रुळलं हो मूल' असं ज्याच्याबद्दल म्हटलं जायचं, ते आशा सोडून बसलेलं असायचं. पुढे १९५९ साली रुग्णालयातल्या मुलांच्या प्रश्नांसाठी तिथे नेमलेल्या प्लॅट समितीने भेटीच्या वेळांचं बंधन काढा, लहान मुलांजवळ आईला राहू द्या, अशी शिफारस केली. १९८८ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडेनला झालेल्या, रुग्णालयातल्या मुलांच्या हक्कांच्या सनदेत तर आईवडिलांच्या राहण्याची सोय करावी, त्यांना जादा खर्च किंवा पगाराचं नुकसान सोसावं लागू नये, असंही आहे.

संसर्गाची भीती खरी आहे, वॉर्डात गर्दी नकोच. पण रात्रीचा पास एकालाच आणि तोही फक्त आईला, हे कशासाठी? मुलाचे बाबा रात्रभर दाराबाहेर पायरीवर बसून आणि मी आत डोळे ताणून. आळीपाळीने बसलो असतो तर दोघांनाही झोप मिळाली असती, आणि सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी सांगितलेलं माझ्या डोक्यात नीट शिरलं असतं. मागे रेलता येणारी एक खुर्ची, अंघोळीची जागा, राउंडची साधारण वेळ आधी सांगणं, दोघांपैकी कोणालाही चालणारा पास. यासाठी नवी इमारत लागत नाही.

नातेवाइकांनाही एक सांगायचं आहे. "काही लागलं तर सांग" असं सगळेच म्हणाले, आणि मी कोणालाच काही सांगितलं नाही. त्या अवस्थेत सुचतच नाही. माझ्या नणंदेने मात्र विचारलंच नाही. "उद्या बारा ते दोन मी बसणार, तू अंघोळ करून झोप," म्हणाली आणि आली. आत्या त्याच्या सवयीची. थोडा वेळ रडला, मग तिच्या खांद्यावर झोपला. मी परत आले तेव्हा तिचा अंगठा त्याच्या मुठीत होता.

— एक आई