मनू, फोटो बघितले

मनू,

फोटो सगळे बघितले, आईनं दोनदा, मी किती वेळा ते सांगत नाही. काल फोनवर ओरडलो ते चुकलंच, तू फोन ठेवलास ते बरोबर केलंस, तेव्हा आता खोकल्याचं विचारणार नाही.

तायझीवान म्हणजे वेस्ट लेकच्या काठचीच ती बाग ना, मागच्या मार्चमध्ये व्हिडिओ कॉलवर फिरवली होतीस, खाली ट्युलिपचे पट्टे, वर चेरीचा बहर आणि मधेच मोठे कॅमेरे घेऊन पालथे पडलेले म्हातारे. यंदा पिवळी जास्त दिसतायत. पण पाऊस होता वाटतं, छत्री मैत्रिणीकडं आणि तू अर्धी बाहेर.

ट्युलिपला चिनीत युजिनशियांग म्हणतात आणि त्यातलं युजिन म्हणजे हळदीचा कंद, हे तू सांगितलेलं मी सांगलीच्या यार्डात सौद्याला गेलो तेव्हा चारचौघांत सांगितलं. बापूकाका म्हणाला, पोरगी चीनला गेली तरी हळदीतच! लई बरं वाटलं. लहानपणी शिजलेल्या हळदीत नाचून शाळेत गेलेलीस, बाईंनी पाय बघून चिठ्ठी पाठवलेली, कावीळ तपासून घ्या म्हणून.

एक मात्र पटलं नाही, फुलं संपली की कंद उपटून टाकायचे आणि हिवाळ्याच्या तोंडावर परत नवे लावायचे. आपण बेणं कसं सावलीत, पाल्याखाली जपतो. तिकडच्या उन्हाळ्यात ते टिकत नाहीत म्हणालीस आणि थंडीत राहिल्याशिवाय फुलत नाहीत, बरं. पण थंडी त्या कंदाला लागते, तुला नाही. लाल स्वेटर कुठाय? फेब्रुवारीपासून चाललंय हे. इन्शुरन्स भरलाय तर दवाखान्यात जायला लाज कसली, लॅब काय एक दिवस पळून जात नाही, पैशाचा विचार तर अजिबात करायचा नाही, तो मी करतो, आणि गरम पाणी... जाऊ दे, परत सुरू झालो. तिकडं एकटीनं सगळं निभावतेस, मला तर मुंबईत लोकल बदलता येत नाही.

अण्णांचाही साधाच होता गं. एक्स-रे काढ एवढंच.

आत्ता इथं दहा वाजलेत, म्हणजे तुझ्याकडं साडेबारा. वाचून लगेच फोन करू नकोस, झोप. सकाळी कर. आई म्हणते, पिवळ्या फुलांचा एक फोटो तुझ्याशिवायचा पाठव, मी म्हटलं तुझ्यासकटच पाठव, जरा जवळून.

बाबा