रविवारी दुपारी कालव्यावर गळ टाकायला येताना

मंडळी, येत्या रविवारी दुपारी दोनला नेहमीच्या लॉकजवळच्या (बोटी वर-खाली नेणाऱ्या कालव्याच्या दरवाजाजवळच्या) पुलाखाली भेटायचं. स्पर्धा नाही, वजनकाटा नाही. निवांत बसायचं.

इंग्लंडमध्ये गळ टाकणाऱ्या १३ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला रॉड लायसन्स, म्हणजे काठीने मासे पकडायचा सरकारी परवाना, लागतं. १३ ते १६ वयाच्या मुलांना ते फुकट मिळतं, पण काढावं लागतंच; पालकांनी आजच काढून ठेवा. शिवाय या पट्ट्याचा क्लबचा परवानाही जवळ हवा.

कालव्यात कडेला उथळ पाणी असतं आणि मधल्या बोटींच्या वाटेकडे ते एकदम खोल होतं. त्या उताराच्या तळाशी रोच आणि ब्रीम हे मासे चरतात. पर्च मासा मात्र बांधलेल्या बोटींच्या आडोशाला दबा धरून असतो. अळ्या किंवा मक्याचे दाणे चिमूटभरच टाका, पण वरचेवर. पहिल्या दहा मिनिटांत डबा रिकामा केलात, तर मासे पोट भरून निघून जातात. बोट गेली की पाणी गढूळ होतं. घाई करू नका, बरेचदा त्यानंतरच फ्लोट (दोरीवरचा तरंगणारा तुकडा) बुडतो.

बिनकाट्याचा (टोकाशी उलटा काटा नसलेला) गळच वापरा. मासा ओल्या हातानेच धरा, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडतो. शिशाची छोटी वजनं अजिबात नकोत. ती गिळून हंस मरतात.

आणि कळकळीची विनंती: वर विजेच्या तारा असतील तिथे बसू नका. कार्बनच्या काठीतून वीज वाहते. लांब काठी पायवाटेवर आडवी ठेवू नका, मागून सायकली येतात.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा. जास्तीच्या दोन काठ्या मी आणतोय.