वाल्पराइसोच्या भिंती कोणासाठी?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील चिलीच्या वाल्पराइसो शहरावरचा लेख वाचला. तेथील भित्तिचित्रांना लेखकाने ‘पर्यटकांसाठीची रंगरंगोटी’ म्हटले आहे, ते पटले नाही. बेयाविस्ता टेकडीवर कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी १९६९ पासून भिंती रंगवायला घेतल्या. १९७३च्या लष्करी उठावाने ते काम थांबले. लोकशाही परतल्यावर, १९९२ मध्ये, त्याच कल्पनेतून २० चित्रांचे खुले संग्रहालय उभे राहिले. शहराच्या जुन्या भागाला जागतिक वारसा म्हणून युनेस्कोची मान्यता त्यानंतर अकरा वर्षांनी आली. म्हणजे ही चित्रे आधी शहराने स्वतःसाठी काढली.

लोककथांचेही तसेच. कॉन्सेप्सिऑन टेकडीच्या पायथ्याच्या गुहेत एक राक्षसी बोकड राहतो आणि रात्री एकट्यादुकट्या वाटसरूला आत ओढून नेतो, अशी तिथली जुनी दंतकथा आहे. आज त्या जागी ‘एल मेर्कुरियो’ या १८२७ पासून निघणाऱ्या दैनिकाची इमारत आहे. गुहा नाही, पण गोष्ट अजून सांगितली जाते. भिंतींइतकीच ती त्या शहराची ओळख आहे. लेखात तिचा साधा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटले.

– एक वाचक, पुणे