चार जीबीवाल्याचं आभारपत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्रात नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून घालत नाही. पण पत्र उघडच लिहितोय. माझ्या अडलेल्या प्रोग्रामसाठी तुम्ही जी मदत केलीत, तिच्याबद्दल फोनवर मी आभाराचं बोलायला लागलो तर तुम्ही "हां हां, चल ठेवते, भांडी पडलीत" म्हणून विषय मिटवलात. तुमच्याकडून मिटला असेल, माझ्याकडून नाही.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांना यातलं काही माहीत नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं. हास्केल नावाची प्रोग्रामिंगची एक भाषा आहे, फंक्शनल म्हणतात त्या प्रकारातली. हास्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचं नाव तिला दिलंय. १९८७ मध्ये काही संशोधकांनी समिती करून तिचं काम हाती घेतलं आणि १९९० मध्ये तिचा पहिला अहवाल निघाला. तिच्यात लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल अशा रूपात आणणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. आज बहुतेक लोक तिच्यासाठी जीएचसी, म्हणजे ग्लासगो हास्केल कंपायलर, वापरतात. तो ग्लासगो विद्यापीठात सुरू झाला, म्हणून नावात अजून ग्लासगो आहे. कंपायलर स्वतः हास्केलमध्येच लिहिलेला असल्यामुळे नवा बनवायला जुना लागतो. कालच्या दह्याचं विरजण लावून आजचं दही, तसं. नवी मोठी आवृत्ती यायच्या आधी तिची कच्ची रूपं बाहेर काढतात. पहिल्यांदा अल्फा येतात, मग रिलीज कँडिडेट. आपापल्या लायब्ऱ्या, म्हणजे इतरांनाही वापरता येणारे कोडचे तयार संच, या कच्च्या आवृत्तीवर चालवून बघा आणि काय मोडतं ते आत्ताच सांगा, असा त्यामागचा हेतू. बघणारे थोडे, आणि बघून सांगणारे त्याहून थोडे. अंतिम आवृत्ती आली की मात्र सगळेच बोंबलतात.

मी जळगावकडच्या सावद्याचा. घरी केळी. केळीचा हवामानावर आधारित पीकविमा असतो. त्यात उन्हाने आपल्या बागेत काय झालं ते कुणी बघायला येत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद काय म्हणते ते बघतात. सलग किती दिवस पारा ठरलेल्या अंशांच्या वर होता, त्यावर भरपाई. ते आकडे वाचून शेतकऱ्याला कळेल असा हिशेब काढणारी एक छोटी लायब्ररी मी हास्केलमध्ये लिहिली. मंडळं आणि त्यांची केंद्रं यांची लांबलचक यादी थेट कोडमध्येच आहे. जुन्या कंपायलरवर ती मुकाट्याने कंपाइल व्हायची. नव्या अल्फावर टाकली तर पंखा घरघरायला लागायचा, माउस अडकायचा, आणि शेवटी टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एकच शब्द यायचा: किल्ड. कुठली ओळ, का, काही नाही. मेमरी (रॅम) संपली म्हणून लिनक्सने, म्हणजे माझ्या लॅपटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टीमने, कंपायलरचाच गळा दाबला, एवढाच त्याचा अर्थ.

हे घेऊन मी आधी कुठे कुठे गेलो ते सांगतो, नावं न घेता. एका क्लासवाल्या सरांनी फी घेताना "कधीही फोन कर" म्हटलं होतं. फोन केला तर म्हणाले, "अरे, ही भाषा शिकून पोट भरतं का? जावा कर." दुसरे एक मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर आहेत, आमच्याच भागातले. त्यांनी माझी फाइल त्यांच्या मशीनवर चालवली आणि फोटो पाठवला. "आमच्याकडे तर चालतंय." फोटोच्या कोपऱ्यात बत्तीस जीबी रॅम दिसत होती. तिसऱ्याने सल्ला दिला, "रॅम टाक ना भाऊ, किती येते?" माझ्या लॅपटॉपची चार जीबी रॅम बोर्डावरच डकवलेली आहे, ती वाढत नाही, हे सांगितल्यावर त्याचा सल्ला होता, मग लॅपटॉपच नवा घे. चौथा म्हणाला, एवढी यादी कोडमध्ये ठेवतं का कुणी, वेगळ्या फाइलमध्ये टाक. याचं निदान म्हणणं तरी मुद्द्याचं होतं. पण जुन्यात चालणारं नव्यात का मरतं, हे कुणीच विचारलं नाही.

तुमचा नंबर मला चोपड्याच्या मावसभावाने दिला. शिरपूरकडच्या एक ताई आहेत, कंपायलरच्या कामात हातभार लावतात, बघ बोलून. घाबरतच मेसेज टाकला होता. तुमचा पहिला प्रश्न काय होता आठवतं? रॅम किती, प्रोसेसर कुठला, असलं काही नाही. "पंखा नेमका कुठल्या फाइलला जोरात फिरायला लागतो?" मी परत चालवलं आणि कान देऊन बसलो. यादीच्या फाइलला. माझ्या खटाऱ्याची घरघर कुणी पुरावा म्हणून विचारात घेईल असं मला वाटलंच नव्हतं.

आणि मग तुम्ही जे केलंत, त्यासाठी हे सगळं पत्र आहे.

आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे दिवस होते. तुम्ही माहेरी आला होता. तुमचं पुण्यातलं मशीन दणकट, त्यावर माझी फाइल बिनबोभाट कंपाइल झाली होती. तिथे थांबला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. दुपारी तुमचा व्हिडिओ कॉल आला. आबांचा जुना लॅपटॉप तुम्ही कपाटाच्या वरून काढला होता. आबा मास्तर असताना त्यावर शाळेचे कागद टाइप करायचे म्हणे. चार्जरची वायर चिकटपट्टीने बांधलेली, कीबोर्डवरच्या दोन-तीन बटणांची अक्षरं पुसलेली, रॅम चार जीबी. तुम्ही पेन ड्राइव्हवरून त्यात लिनक्स घातलं, जुना आणि नवा असे दोन्ही कंपायलर टाकले आणि म्हणालात, "तुझ्याकडे काय होतं ते तुझ्यासारख्याच मशीनवर बघते."

बाहेर ऊन असं की ओट्यावर पाय ठेवता येऊ नये. मागे कुठेतरी झोक्यावर बायकांची गाणी चालली होती. लॅपटॉप टेबलफॅनसमोर दोन पाटांवर उंच करून ठेवलेला, खालून हवा खेळावी म्हणून. तुमच्या हातावर मेंदी होती आणि ती खराब होऊ नये म्हणून तुम्ही करंगळीने एंटर मारत होता. आतून तुमच्या आईची हाक, रस काढलाय, खापरावरची पोळी निवतेय. तुम्ही "येते" म्हणालात आणि हलला नाहीत. जुन्या कंपायलरवर फाइल झाली. नव्यावर पंखा फिरायला लागला, स्क्रीन अडकली, आणि तोच शब्द आला. किल्ड.

तुम्ही हसलात. त्या हसण्यात मला हसणं नव्हतं. "भाऊ, तुनं मशीन बरोबर शे," असं अहिराणीत म्हणालात आणि मग जेवायला उठलात.

ताई, मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट लिहिता येणार नाही. तोवर सगळ्यांनी मला माझ्या मशीनची लाज वाटायला लावली होती, आणि मशीनबरोबर माझीही.

पुढचं काम तुमच्यासाठी किरकोळ असावं. यादी कापत कापत तुम्ही इतकी लहान फाइल केलीत की तीत केळी, मंडळ, तापमान काहीच उरलं नाही, नुसती आकड्यांची रांग उरली, आणि तरीही नवा कंपायलर जुन्यापेक्षा भलतीच मेमरी खात होता. ती तुम्ही कंपायलर बनवणाऱ्यांकडे पाठवलीत. दुरुस्ती दुसऱ्याच कुणी केली, हे तुम्ही मला दोनदा सांगितलंत, श्रेय चुकून तुमच्याकडे येऊ नये म्हणून. जीएचसीच्या चाचण्यांमध्ये अमुक फाइल कंपाइल करताना कंपायलर किती बाइट मेमरी मागतो तेही मोजतात, आणि तो आकडा ठरलेल्या टक्क्यांबाहेर गेला की चाचणी नापास होते. त्या चाचण्यांत आता ती आकड्यांची रांगही आहे. पुढच्या कच्च्या आवृत्तीवर माझी लायब्ररी पुन्हा मुकाट्याने कंपाइल झाली. पंखा फिरला, पण नेहमीएवढाच.

"आमच्याकडे तर चालतंय" हे वाक्य मी आता नीट ओळखतो. ते फक्त कॉम्प्युटरवाल्यांचं नाही. विम्याच्या दाव्याला गेलं की तेच, केंद्राच्या नोंदीत पारा तेवढा चढलेलाच नाही. अहो, केंद्र तिकडे आहे, बाग इकडे करपली, या की बघायला! कुणी येत नाही. बोलणारा खोटं बोलत नसतो, त्याच्याकडे खरंच चालत असतं, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडताही येत नाही. सज्जन माणूस म्हणजे गोड बोलणारा, असं मी समजत आलो होतो. गोड बोलणारे मला वाटेत पुष्कळ भेटले. तुम्ही तर फारसं गोड बोललाही नाहीत. फाइलींची नावं कशी ठेवलीस म्हणून एकदा चांगलं झापलंत. पण सणाच्या दिवशी, माहेरपणातली दुपार मोडून, कपाटावरचा धूळ खाल्लेला लॅपटॉप काढायचा, तोही एका अनोळखी पोराचं म्हणणं खरं आहे का एवढं बघायला! माझ्याच्याने हे झालं असतं का, मला सांगता येत नाही.

हे कंपायलर बनवणारे लोकही बरेचसे असेच असतात, हे तुमच्यामुळे दिसलं. जगाच्या कुठल्या कोपऱ्यात बसून कुणीतरी एका आकड्यांच्या रांगेसाठी डोकं खाजवतो. त्याला सावदा कुठे आहे ठाऊक नाही, आणि असायचं कारणही नाही. त्यालाही माझा नमस्कार पोचवा. इंग्रजीत कसा सांगायचा ते तुम्ही बघा.

आता कामाचं. रिलीज कँडिडेट निघाला की मला लगेच कळवा. मी याच लॅपटॉपवर तो चालवणार आहे, आणि आमच्याकडच्या दोघा-तिघांना तयार केलंय. एकाचं मशीन माझ्याहून जुनं आहे. काय मोडलं, कुठल्या फाइलला पंखा फिरला, सगळं लिहून देऊ. आबांना सांगा, लॅपटॉप एवढ्यात भंगारात देऊ नका, आणि चार्जरची वायर मी आणतो, माझ्याकडे त्याच पिनेची एक पडून आहे. आईने बिबडे आणि कुरडया वाळवून तुमच्यासाठी डबा भरलाय. येत्या आठवड्यात चोपड्याला माझी चक्कर आहे, तिथून पुढे शिरपूरला येईन. आबा दुपारी घरी असतात की संध्याकाळी, तेवढं कळवा.

तुमचा,
सावद्याचा भाऊ