लाइव्ह भावाचे पैसे आमच्याकडूनच काऊन?

मा. संपादक,

कालच्या अर्थ पानावरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यात तोच घोळत राहिला. शेअरचे लाइव्ह भाव पुरवायला सर्व्हर लागते, एक्सचेंजची, म्हणजे शेअर बाजाराची, फी लागते, म्हणून फुकट पाहणाऱ्यांनी आता पैसे मोजावे म्हणे. खर्च आहे हे मलेही समजते. एक्सचेंजकडून डेटा विकत घेणाऱ्याले नुसत्या भावाचा दर वेगळा, घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या सगळ्यात चांगल्या पाच-पाच भावांच्या रांगा पाहिजे तर वेगळा, प्रत्येक टिक म्हणजे भावाची एकूणएक हालचाल पाहिजे तर आणखी वेगळा. पण तो भाव बनते कशातून? आमच्याच ऑर्डरीतून ना! त्या ऑर्डरीवर एक्सचेंज आपला ट्रान्झॅक्शन चार्ज आधीच घेते, त्यावर जीएसटी, सरकारचा एसटीटी म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर वेगळा, डिलिव्हरीत (शेअर खात्यात घेऊन ठेवले तर) घेतानाही ०.१ टक्का अन् विकतानाही. बाजार समितीत हर्रास होते तेव्हा ढिगाजवळ उभा असलेला कोणीही भाव ऐकते, ऐकायचे पैसे कोणी मागत नाही.

४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस. सेन्सेक्स त्या दिवशी जवळपास ४,४०० अंकांनी पडला. पोरीच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी एका सरकारी कंपनीचे १२० शेअर विकायचे होते. मी पाण्याच्या टाकीजवळ उभा, कारण गावात नेट तिथंच भेटते, आणि ब्रोकरचं अ‍ॅप उघडेचना. मग एका फुकटच्या साइटवर भाव पाहिला, ब्रोकरले फोन लावला, तो अर्ध्या तासानं लागला म्हणून पुन्हा एकदा भाव पाहिला आणि मार्केट रेटनं, म्हणजे त्या क्षणी जो भाव भेटेल त्यानं, विका म्हणून सांगितलं. विकले गेले ते पाहिलेल्या भावापेक्षा ३१ रुपये खाली. ३,७२० रुपये गेले, फोनवरच्या ऑर्डरीचा चार्ज वेगळा. संध्याकाळी त्या साइटच्या एकदम खाली बारीक अक्षरात दिसलं, भाव १५ मिनिटं उशिराचे. हे भावाच्या बाजूलेच लिहिलं असतं तर मी लिमिट लावली असती, म्हणजे अमुक भावाच्या खाली विकू नका म्हणून सांगितलं असतं, एवढंच माझं म्हणणं आहे. फुकट द्या नाहीतर पैसे घ्या, पण आकडा किती वाजताचा हे सांगायले कोणता सर्व्हर लागते?

आणि हा वेळेचा खेळ मोठ्यांच्यातही झालाच की. एनएसई (राष्ट्रीय शेअर बाजार) ब्रोकरांचे सर्व्हर आपल्याच जागेत ठेवू देते, त्या को-लोकेशन प्रकरणात आरोप हाच होता की काही ब्रोकरांना भाव इतरांच्या आधी भेटत होते. बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं २०१९ मध्ये एनएसईले सुमारे ६२५ कोटी व्याजासकट भरायले सांगितले, २०२३ मध्ये अपिलात ते १०० कोटींवर आलं. तिथं सेकंदापेक्षाही कमी वेळेची किंमत होती, आणि आमच्या पंधरा मिनिटांची काहीच नाही? लेखात यावर एक ओळही नव्हती.

आता लिहायलेच बसलो तर आणखी एक. २०२१ मध्ये सोयाबीन-हरभऱ्याचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, थांबवले तेव्हापासून तो भाव पाहायले भेटत नाही, म्हणून आमच्या इकडचे लोक तुमच्या बाजारभावाच्या चौकटीवरच जास्त भिस्त ठेवतात. पेपर गावात ११ वाजता येते आणि त्यात सोयाबीनचा भाव परवाचा असते, कधी त्याच्याही आधीचा. मागच्या हंगामात शेजाऱ्यानं तो पाहून गाडी भरली, भाडं देऊन बाजार समितीत गेला तर भाव केव्हाच उतरलेला, माल तसाच परत आणला. त्या चौकटीवर तारीख तरी छापत जा, मी हे मागच्या वर्षीही लिहिलं होतं.

आपला एक जुना वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ